बंद गाडीतील श्वास आणि पाहण्याची मर्यादा

बंद मोटारगाडीत कोणी जिवंत माणूस आहे की नाही, हे दार न उघडता सांगणारे यंत्र आज उपलब्ध झाले आहे. विमाने आणि जहाजे शोधणारे साधन म्हणून रडार आपल्याला परिचित आहे. तेच तंत्र आता नखाएवढ्या चिपमध्ये सामावून गाडीच्या छतात बसवले जाते. या साधनाने मुलांचे प्राण वाचू शकतात आणि याच साधनाने माणसाच्या खाजगी जीवनात शिरताही येते. म्हणून बंधू-भगिनींनो, त्याचा विचार केवळ अभियंत्यांवर सोडून चालणार नाही. कोणाला, कधी आणि कशासाठी पाहावे, हा प्रश्न नीतीचा आहे, आणि या प्रश्नावर इस्लामने फार पूर्वीच मार्गदर्शन केले आहे.

प्रथम हे साधन काय करते ते समजून घेऊ. रडार डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी सोडते आणि वस्तूंवर आपटून परत आलेल्या लहरी टिपते. गाडीत वापरल्या जाणाऱ्या रडारच्या लहरींची वारंवारता साधारणपणे ६० गिगाहर्ट्झ आणि लांबी सुमारे ५ मिलिमीटर असते. लहरी इतक्या लहान असल्यामुळे अगदी सूक्ष्म हालचालही त्यांतून कळते. झोपलेल्या बाळाची छाती श्वासाबरोबर किंचित वर-खाली होते. तेवढी हालचाल या यंत्राला पुरते. कापड, दुलई, आसनाचा स्पंज यांतून या लहरी आरपार जातात. मात्र धातू त्यांना अडवतो. पांघरुणाखालचे मूल कॅमेऱ्याला दिसत नाही. आसनाखालच्या वजनकाट्याला पिशवी आणि मूल यांतील भेद कळत नाही. रडारला चेहरा दिसत नसला तरी श्वास कळतो. गाडी बंद करून मालक निघून गेला आणि आत श्वास चालू असल्याचे आढळले, तर हॉर्न वाजतो, दिवे लुकलुकतात, मालकाच्या मोबाइलवर संदेश जातो. युरोपात गाड्यांच्या सुरक्षिततेचे गुणांकन करणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या संस्थेने २०२३ पासून अशा व्यवस्थेला गुण देण्यास सुरुवात केली, आणि २०२५ पासून मुलाचे अस्तित्व प्रत्यक्ष ओळखणाऱ्या साधनांनाच ते गुण दिले जातात.

या साधनाची गरज आपल्यापासून दूर कोठे तरी आहे, असे समजू नये. जून २०२३ मध्ये नागपूरच्या टेका नाका परिसरातील फारुखनगर येथे ४ आणि ६ वर्षे वयाची तीन मुले खेळता खेळता बेपत्ता झाली. आईवडिलांनी, शेजाऱ्यांनी, पोलिसांनी शोध घेतला. दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात ७ आणि ५ वर्षांची भावंडे अशीच एका जुन्या, पडून असलेल्या गाडीत मृत आढळली. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यात द्वारपुडी या गावी चार मुलांचा बंद गाडीत अंत झाला. अमेरिकेत १९९८ पासूनची सरासरी पाहिली, तर तप्त गाडीत दरवर्षी सुमारे ३७ मुले दगावतात.

असे का घडते? गाडीच्या काचा सूर्यप्रकाश आत घेतात, पण उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाहीत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे तापमान तासाभरात सरासरी सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे आढळले. त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती, आणि काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडला नव्हता. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या शरीरापेक्षा कितीतरी जलद तापते. म्हणजे ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून गेलेला माणूस दुकानात रेंगाळला, तरी तेवढा वेळ मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

इस्लाममध्ये प्राणाचे मोल काय आहे, हे आपण जाणतोच. दिव्य कुरआनच्या सूरह अल-माइदामध्ये (५:३२) एका जिवाला वाचवणे हे जणू सर्व मानवजातीला वाचवण्यासारखे मानले आहे. इस्लामी विधिशास्त्रज्ञांनी शरीअतच्या मूळ उद्दिष्टांमध्ये प्राणरक्षणाला अग्रस्थानी ठेवले आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका स्त्रीचे उदाहरण दिले होते. तिने मांजरीला कोंडून ठेवले, खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन खाण्याची मोकळीकही दिली नाही. त्या मांजरीच्या मृत्यूबद्दल ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. कोंडलेल्या मुक्या प्राण्याबद्दल एवढा कडक जाब आहे, तर कोंडलेल्या बालकाबद्दल किती असेल! दुसऱ्या एका हदीसमधून कळते की नमाज दीर्घ करण्याची इच्छा असूनही, मागे एखाद्या मुलाचे रडणे कानी पडले तर प्रेषित (स.) नमाज संक्षिप्त करीत, कारण त्या मुलाच्या आईच्या जिवाची घालमेल त्यांना कळत असे. नमाजमध्ये उभे असतानाही ज्यांचे कान मुलाच्या रडण्याकडे होते, त्यांचे अनुयायी आपण आहोत. ज्याचे रडणे बंद काचेबाहेर येत नाही, त्याची हाक ऐकणारे यंत्र कोणी बनवले असेल तर त्याचे स्वागत करण्यास आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

परंतु याच धर्माने पाहण्याला मर्यादाही घातली आहे. सूरह अल-हुजुरातमध्ये (४९:१२) अतिसंशयापासून दूर राहण्याची आणि लोकांच्या गुप्त गोष्टींचा शोध न घेण्याची आज्ञा एकाच आयतीत दिली आहे. मनात आधी संशय येतो आणि मग डोळे फटी शोधू लागतात. दोन्ही आज्ञा शेजारी शेजारी येण्यामागचा अर्थ त्यातून ध्यानात येतो. सूरह अन-नूरमध्ये (२४:२७) दुसऱ्याच्या घरात सलाम केल्याविना आणि परवानगीविना प्रवेश करू नये असे सांगितले आहे. एकदा एक मनुष्य फटीतून प्रेषितांच्या (स.) घरात डोकावत होता. त्याचे हे कृत्य त्यांना अत्यंत अप्रिय वाटले, आणि परवानगी घेण्याचा नियम नजरेसाठीच आहे असे त्यांनी स्पष्ट केले. या उपदेशाचे मर्म लक्षात घ्यावे. पाऊल उंबऱ्याबाहेर ठेवूनही माणूस घरात शिरू शकतो. आज जी लहर काचेतून आणि कापडातून आत जाते, तिलाही हाच नियम लागू होतो.

मग एका बाजूला प्राणरक्षण आणि दुसऱ्या बाजूला खाजगीपणाचा आदर, यांचा मेळ कसा घालावा? आदरणीय उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील दोन रात्री या प्रश्नाचे उत्तर देतात. ते मदीनेत रात्रीची गस्त घालीत असत. एका रात्री त्यांनी एका घरातून संशयास्पद आवाज ऐकला, ते भिंत चढून आत उतरले आणि घरमालकाला मद्यासह पकडले. तो मनुष्य म्हणाला की, हे अमीरुल मोमिनीन, माझ्याकडून एक अपराध घडला असेल, पण आपल्याकडून तीन घडले आहेत. हेरगिरी करू नका अशी आज्ञा आहे, आपण ती केली. घरात दारातून यावे अशी आज्ञा आहे, आपण भिंतीवरून आलात. परवानगी घ्यावी अशी आज्ञा आहे, आपण ती घेतली नाही. खलीफांनी त्याचे म्हणणे मान्य केले आणि त्याला सोडून दिले.

दुसऱ्या रात्री मदीनेबाहेर त्यांना एक आग दिसली. चुलीवर भांडे चढवलेले होते आणि भोवती मुले रडत होती. ते दूर थांबले, सलाम केला आणि जवळ येण्याची परवानगी मागितली. भांड्यात केवळ पाणी होते. भुकेल्या मुलांना झोप लागावी म्हणून आई त्यांची समजूत घालीत होती. खलीफा परत फिरले, कोठारातून पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर घेऊन आले, आणि मुले पोटभर जेवेपर्यंत तेथून हलले नाहीत.

वाचकहो, शासक तोच, गस्तही तीच. तरीही पहिल्या रात्रीचे पाहणे चूक ठरले आणि दुसऱ्या रात्रीचे पुण्यकर्म ठरले. पहिल्या रात्री पाहणाऱ्याला दुसऱ्याचा दोष पकडायचा होता. दुसऱ्या रात्री ज्यांना पाहिले त्यांचीच गरज भागवायची होती; त्यासाठीही परवानगी मागितली गेली, आणि गरज भागताच पाहणारा निघून गेला. यातून आपल्याला तीन कसोट्या मिळतात. पाहण्याचा लाभ ज्याला पाहिले जाते त्याला झाला पाहिजे. त्याच्या संकटनिवारणासाठी जेवढे आवश्यक आहे तेवढेच पाहिले पाहिजे. आणि मिळालेली माहिती जो मदत करू शकतो त्याच्याकडेच गेली पाहिजे, काम होताच ती तेथेच संपली पाहिजे. अशी माहिती ही अमानत आहे.

या कसोट्यांवर गाडीतील रडार घासून पाहू. बाळ आत राहिले, यंत्राने श्वास ओळखला, आईवडिलांना कळवले, दार उघडले गेले. येथे तिन्ही अटी पूर्ण होतात. परंतु तेच यंत्र गाडीत किती माणसे आहेत, कोणत्या आसनावर मोठे आणि कोणत्या आसनावर लहान बसले आहे, श्वासाची गती किती आहे, हेही मोजू शकते. ही माहिती दररोज साठवून गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे, तेथून विमा कंपनीकडे किंवा जाहिरातदाराकडे गेली तर बालकाच्या प्राणरक्षणाशी तिचा काय संबंध उरतो? म्हणून अशी गाडी घेताना ही माहिती गाडीतच राहते की बाहेर जाते, हे विचारून घ्यावे. प्राण वाचवण्याच्या निमित्ताने उघडलेल्या दारातून व्यापार आत येऊ देणे योग्य नाही.

हीच कसोटी आपल्या घरातही लावली पाहिजे, आणि येथे ती अधिक कठीण जाते. पत्नी किंवा तरुण मुलगी गाडी घेऊन गेली आहे. तिच्या शेजारच्या आसनावर कोणी बसले आहे का, हे घरच्या पुरुषाला मोबाइलवर पाहता आले, तर तो काय करील? अनेक जण म्हणतील की आम्ही तिच्या सुरक्षिततेसाठीच पाहतो. परंतु तिला न सांगता पाहिले जात असेल, तर तेथे काळजीपेक्षा संशय अधिक आहे हे मान्य करावे लागेल. आपली काळजी खरी असेल तर ती तिला सांगता येते आणि तिची संमतीही घेता येते. लोकांचे दोष शोधत राहिल्याने लोक बिघडतात, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे. कुटुंबाच्या बाबतीत हा इशारा अधिकच खरा आहे. ज्या घरात विश्वासाची जागा यंत्र घेते, तेथे सदाचार केवळ यंत्र चालू असेपर्यंत टिकतो. लहान, असहाय मूल आणि स्वतःच्या कर्मांचा हिशेब स्वतः देणारा प्रौढ मनुष्य, यांतील भेद आपण विसरता कामा नये.

आता रस्त्याकडे वळू. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील खालापूर तालुक्यात कुंभिवली हे गाव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच तालुक्यातून जातो. या मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची व्यवस्था सुरू झाली असून वेगमर्यादा मोडणाऱ्या आणि सीटबेल्ट न लावणाऱ्या वाहनांची ती नोंद घेते. यात गैर काही नाही, कारण वेगाने येणारी गाडी दुसऱ्याच्या जिवावर उठते, आणि रस्ता सर्वांचा आहे. परंतु उद्या धावत्या गाडीत कोण कोणाबरोबर बसले आहे, याचीही नोंद घ्यावी असे कोणी म्हटले, तर कुंभिवलीहून खोपोलीला निघालेल्या कुटुंबाने कोणता अपराध केला आहे म्हणून ती घ्यायची? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००१ मध्ये, घराबाहेर उभे राहून यंत्राने आतील उष्णता मोजणे हीदेखील झडतीच आहे, असे ठरवले. प्रेषितांनी (स.) फटीतून डोकावण्याबाबत जी शिकवण दिली, तिच्याशी हे निर्णय सुसंगतच आहेत. एखाद्या मुलाचे अपहरण झाले आहे आणि विशिष्ट गाडीविषयी ठोस पुरावा आहे, तेव्हा पोलिसांनी कायद्याने तपास करणे वेगळे. सर्वांवर सरसकट संशय घेऊन प्रत्येक गाडी आरपार पाहणे वेगळे. पहिल्यात पुराव्याचा आधार आहे. दुसऱ्यात केवळ संशय आहे.

याच खालापूर तालुक्याने १९ जुलै २०२३ ची रात्र पाहिली आहे. इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. मातीखाली कोणी श्वास घेत असेल का, हा प्रश्न त्या दिवसांत किती आप्तांनी स्वतःला विचारला असेल! २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर चौतारा येथे ‘फाइंडर’ नावाच्या रडार यंत्राने ढिगाऱ्याखालील हृदयाचे ठोके ओळखले आणि चार माणसे जिवंत बाहेर काढली गेली. येथे परवानगी विचारण्यास वाव नाही आणि गरजही नाही. गाडला गेलेला मनुष्य आपला शोध घेतला जावा हीच प्रार्थना करीत असतो.

काही प्रसंग मात्र इतके सरळ नसतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एका मालवाहू ट्रेलरमध्ये व्हिएतनामचे ३९ स्थलांतरित मृतावस्थेत आढळले. ते लपून प्रवास करीत होते. सापडू नये अशीच त्यांची इच्छा होती. सीमेवर ट्रकमधील हृदयाचे ठोके किंवा श्वासातील कार्बन डायऑक्साइड ओळखणारी साधने वापरली जातात. ती माणसाला पकडण्यासाठी आहेत की वाचवण्यासाठी? साधन वापरावे, कारण प्राण सर्वप्रथम. परंतु दार उघडल्यावर आधी पाणी आणि वैद्य, कागदपत्रांची चौकशी त्यानंतर, हा क्रम पाळला गेला तरच ते पाहणे न्याय्य ठरेल.

एवढे सर्व मान्य करूनही एक कटू सत्य शिल्लक राहते. फारुखनगर आणि अँटॉप हिल येथील मुलांच्या कामी हे रडार आले नसते. ते नव्या, महागड्या गाड्यांमध्ये बसवले जाते आणि चालण्यासाठी गाडीची वीज लागते. गल्लीत महिनोन्महिने उभ्या असलेल्या जुन्या गाडीत ना यंत्र असते ना वीज. आपल्या वस्त्यांमध्ये मुलांना खेळायला मैदान नाही; गाड्यांच्या मधली जागा हेच त्यांचे मैदान आहे. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या रखवालीचा जाब द्यायचा आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण गाडीच्या मालकालाही लागू आहे. गाडी त्याची आहे, म्हणून तिच्या दाराची जबाबदारीही त्याचीच आहे.

म्हणून काही गोष्टी आपण आजच सुरू कराव्यात. गाडी उभी केल्यावर मागचे आसन पाहूनच दार लावावे. दारे कुलूपबंद असावीत आणि चावी मुलांच्या हाती लागू नये. पडून असलेली गाडी भंगारात द्यावी, निदान तिची सर्व दारे पक्की बंद करावीत. मुलांना पुढच्या आसनावर सरकून पुढचे दार कसे उघडावे, हॉर्न कसा वाजवावा हे शिकवावे, कारण मुलांसाठीचे कुलूप मागच्या दारांनाच असते. मूल हरवल्याची घोषणा मशिदीतून केली जाते, तेव्हा ‘सर्वांनी आपापल्या गाड्या उघडून पाहाव्यात’ हे एक वाक्य तिला जोडावे. आणि बंद गाडीत मूल कासावीस झालेले दिसले, मालक जवळपास नसला, तर काच फोडण्यास कचरू नये. अत्यावश्यक गरज निषिद्ध गोष्टीलाही अनुमती देते, हा फिक्हचा सर्वमान्य नियम आहे. मालकाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. भरपाई नंतर देता येईल. काच पुन्हा बसवता येते.

शेजाऱ्याच्या बंद दारात डोकावू नये आणि शेजाऱ्याच्या मुलाची हाक मात्र चुकवू नये, अशी ही दुहेरी शिकवण आहे. रडार असो वा नसो, या दोन्ही गोष्टी आपल्या हाती आहेत.

अल्लाह आपल्या मुलांचे रक्षण करो, आपले कान संकटग्रस्ताच्या हाकेसाठी जागे ठेवो आणि आपली नजर मर्यादेत ठेवण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.